पुलोदचे मंत्रिमंडळ

ज्या राज्यात एका पक्षाला निर्विवाद बहुमत असते, तेथील मंत्रिमंडळाची रचना ही बव्हंशी त्या पक्षाच्या घरातील मसलत असते. परंतु जेथे भिन्न ध्येयांचे आणि भिन्न इतिहासांचे चार-पाच पक्ष एकत्र येऊन राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतात, तेथे कोणते खाते कोणाकडे गेले याच्या साध्या यादीतच त्या साऱ्या पक्षांचा परस्परांवरील विश्वास आणि अविश्वास, त्यांचे बळ आणि त्यांची गरज हे सर्व लिहिलेले असते. महाराष्ट्रात असे एकच मंत्रिमंडळ झाले की ज्याला डाव्या विचारांच्या आघाडीचे मंत्रिमंडळ म्हणण्यास बऱ्याच अंशी आधार आहे, आणि ते म्हणजे १८ जुलै १९७८ रोजी शपथ घेतलेले पुरोगामी लोकशाही दलाचे, लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाने सांगायचे तर 'पुलोद'चे, मंत्रिमंडळ. ते जेमतेम १९ महिने टिकले. परंतु संयुक्त मंत्रिमंडळ कसे जन्मते, कसे चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोधप्रद उदाहरण मराठी वाचकाला दुसरे सापडणार नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदरगंजासारख्या कोर्टकचेरीच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या मराठी माणसाला मंत्रिमंडळ ही संस्था तशी अलीकडची आहे. शिंदे सरकारच्या अमदानीत राज्यकारभाराची मुखत्यारी दरबाराकडे असे. मजलिस-ए-खास, मजलिस-ए-आम, मजलिस-ए-कानून अशी सभांची व्यवस्था होती आणि पुढे प्रजासभाही आली, परंतु अखेरचा हुकूम महाराजांचा असे. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारत संघराज्याचे उद्घाटन झाले, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि लीलाधर जोशी यांच्या नेतृत्वाखाली लोकप्रतिनिधींचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा खात्याचा धनी लोकांना जबाबदार असतो हा अनुभव या शहराने प्रथम घेतला. ग्वाल्हेर त्या राज्याची हिवाळी राजधानी होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि मंत्रिमंडळांच्या घडामोडी येथून दुरून पाहण्याच्या गोष्टी झाल्या.

तरीही संयुक्त मंत्रिमंडळाचा एक मोठा प्रयोग याच शहराच्या पुढाकाराने झाला, आणि पुलोदकडे वळण्यापूर्वी त्याचा उल्लेख आवश्यक आहे. १९६७ च्या निवडणुकीत मध्यप्रदेश विधानसभेच्या २९६ जागांपैकी १६७ जागा काँग्रेसने आणि ७८ जागा जनसंघाने जिंकल्या होत्या. त्याच वर्षी काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे मंत्रिमंडळ कोसळले, आणि करेरा मतदारसंघातून निवडून आलेल्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त विधायक दल उभे राहिले. मुख्यमंत्रिपद मात्र ना राजमातांनी घेतले, ना ७८ आमदारांच्या जनसंघाला मिळाले. ३० जुलै १९६७ रोजी ते काँग्रेसमधून फुटून आलेल्या गोविंदनारायण सिंह यांच्याकडे गेले आणि जनसंघाच्या वीरेंद्रकुमार सखलेचा यांनी उपमुख्यमंत्रिपदावर समाधान मानले. हे मंत्रिमंडळ डाव्यांचे नव्हते. परंतु त्याच वर्षी कलकत्त्यात जे घडले ते डाव्यांचेच होते, आणि तेथेही नेमका हाच न्याय लागू झाला: मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या ४३ जागा आणि बांगला काँग्रेसच्या ३४ असूनही मुख्यमंत्री झाले ते बांगला काँग्रेसचे अजय मुखर्जी, आणि ज्योती बसू उपमुख्यमंत्री राहिले. याउलट केरळात १३३ पैकी ५२ जागा जिंकणाऱ्या मार्क्सवादी पक्षाचे ई. एम. एस. नंबूदिरिपाद स्वतःच सात पक्षांच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले.

या तीन उदाहरणांवरून एक नियम सहज हाती येतो. जेथे आघाडीतील मोठ्या पक्षाला छोट्या गटावाचून बहुमत गाठताच येत नाही आणि त्या छोट्या गटाला परतीची वाट मोकळी असते, तेथे मुख्यमंत्रिपद छोट्याकडे जाते. संख्येने ते ठरत नाही, अपरिहार्यतेने ठरते. गोविंदनारायण सिंह मार्च १९६९ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसमध्येच गेले, त्यावरून ती परतीची वाट किती खरी होती हे दिसते. त्या काळी पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. तो घटनेच्या बावन्नाव्या दुरुस्तीने १९८५ मध्ये आला.

महाराष्ट्रात फेब्रुवारी १९७८ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, ती काँग्रेस दुभंगलेली असताना. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२, शेतकरी कामगार पक्षाला १३ आणि मार्क्सवादी कम्युनिस्टांना ९ जागा मिळाल्या. अपक्ष २८ होते आणि उरलेल्या जागा लहान पक्षांत वाटल्या गेल्या. सर्वांत मोठा पक्ष जनता. परंतु परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि ७ मार्च १९७८ रोजी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, तर इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. मने न जुळलेल्या या संसाराला चार महिने पुरे झाले. ऐन अधिवेशनात उद्योगमंत्री शरद पवार सहकाऱ्यांसह बाहेर पडले, चाळिसाच्या आसपास आमदार त्यांच्यामागे गेले, आणि सरकार पडले.

आता ९९ आमदारांच्या जनता पक्षापुढे प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मध्यप्रदेशात व बंगालमध्ये ११ वर्षांपूर्वी मिळाले होते तेच मिळाले. एस. एम. जोशी यांच्यासारख्या ज्येष्ठ समाजवादी नेत्याने या जुळणीला आपल्या चारित्र्याचे वजन दिले, विधिमंडळातील जनता पक्षाचे नेते उत्तमराव पाटील यांनी पहिल्या स्थानाचा आग्रह धरला नाही, आणि वयाची ३८ वर्षेही पूर्ण न झालेले शरद पवार मुख्यमंत्री झाले. या त्यागाचे मोल महाराष्ट्रात फारसे कोणी केले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. फुटून निघालेल्या गटाच्या नेत्याला, त्याच्याहून अडीचपट आमदार पाठीशी असताना, आपल्या डोक्यावर बसवून घेणे हे राजकारणात सोपे नसते. आणि जनता पक्षातील समाजवाद्यांनी व शेतकरी कामगार पक्षाने ते केले, याचे कारण कार्यक्रम अमलात आणण्याची संधी त्यांना पदाहून मोठी वाटली.

खातेवाटपाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. महसूल खाते उत्तमराव पाटील यांच्याकडे गेले, शिक्षण खाते समाजवादी सदानंद वर्दे यांच्याकडे, सहकार खाते शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील यांच्याकडे, त्याच पक्षाचे गणपतराव देशमुख मंत्री झाले, मालेगावचे समाजवादी निहाल अहमद आणि पूर्वीच्या जनसंघाचे हशू अडवाणी हेही मंत्रिमंडळात आले, आणि गृहखात्याचे राज्यमंत्रिपद पुण्याच्या भाई वैद्यांना मिळाले. पवारांबरोबर आलेल्यांत सुंदरराव सोळंके आणि सुशीलकुमार शिंदे होते. मार्क्सवादी कम्युनिस्टांचे ९ आमदार मंत्रिमंडळात न शिरता बाहेरून पाठीशी राहिले.

या यादीतील सर्वांत अर्थपूर्ण ओळ सहकार खात्याची आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ आणि गावोगावच्या सोसायट्या यांची जी वीण आहे तिच्यावर काँग्रेसची सत्ता दोन दशके उभी होती. आणि जो पक्ष १९४७ मध्ये काँग्रेसमधील बहुजन शेतकऱ्यांच्या असंतोषातून जन्मला, १९५० च्या दाभाडी प्रबंधात ज्याने स्वतःला मार्क्सवादी म्हणवून घेतले, त्या पक्षाच्या माणसाच्या हाती त्या साऱ्या वीणकामाचे दप्तर आले. एन. डी. पाटील हे सांगली जिल्ह्यातील ढवळीच्या शेतकरी कुटुंबातून वर आलेले, भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत वाढलेले गृहस्थ. मंत्री असताना आणि नसतानाही त्यांची राहणी तीच राहिली, हे पाहिलेली माणसे अजून आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस उत्पादकांसाठी १९७२ पासून चालू असलेली कापूस एकाधिकार खरेदीची योजना या काळात सहकार मंत्र्याच्या आस्थेचा विषय होती, आणि शेतकऱ्याच्या मालाला सरकारने हमी देऊन तो स्वतः विकत घ्यावा हे तत्त्व राबवणारा मंत्री त्या तत्त्वावर श्रद्धा असलेला होता, ही साधी वाटणारी गोष्ट कारभारात क्वचितच जुळून येते.

भाई वैद्यांच्या गृहराज्यमंत्रिपदाची आठवण दोन कारणांनी निघते. पहिले असे की एका तस्कराने त्यांना तीन लाख रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी ती लाच नुसती नाकारली नाही, तर देणाऱ्याला रीतसर पकडून दिले. दुसरे कारण पोलिसांच्या गणवेशाचे. ब्रिटिश अमदानीपासून साध्या शिपायाच्या अंगावर अर्धी चड्डी आणि अधिकाऱ्याच्या अंगावर पूर्ण पाटलोण असे. पन्नाशीला आलेला, घरी सुना-नातवंडे असलेला हवालदार भर बाजारात उघड्या पिंढऱ्यांनी उभा राही, आणि त्याच्या मुलाच्या वयाचा फौजदार त्याच्यासमोर पूर्ण पोशाखात येई. वैद्यांच्या कारकिर्दीत ही अर्धी चड्डी जाऊन पूर्ण पाटलोण आली. खर्चाच्या हिशेबात ही बाब किरकोळ होती; पण समतेचा विचार मानणारा माणूस गृहखात्यात बसला म्हणजे त्याची नजर कोठे जाते, याचे हे उदाहरण आहे, आणि मला ते अनेक मोठ्या घोषणांहून मोलाचे वाटते.

येथे मंत्रिमंडळाच्या प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. संविधानाच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, इतर मंत्र्यांची मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने करतात, आणि सारे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. अनुच्छेद १६६ नुसार कारभाराची नियमावली ठरते. एखाद्या खात्याला नवी योजना आणावयाची असेल तर त्या विभागाचा सचिव टिपण तयार करतो. खर्चाचा संबंध असेल तर वित्त विभागाचा आणि कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाचा अभिप्राय त्यावर घेतला जातो. मग ते टिपण मुख्य सचिवामार्फत मंत्रिमंडळापुढे येते, चर्चा होते, इतिवृत्त लिहिले जाते. पूर्वी 'सचिवालय' म्हणून ओळखली जाणारी मुंबईतील इमारत १९७५ पासून 'मंत्रालय' झाली, तिच्यातील हा रोजचा क्रम आहे. बैठकीत मंत्री कितीही भांडोत, बाहेर आल्यावर निर्णय सर्वांचा असतो. संयुक्त मंत्रिमंडळात हीच अट सर्वांत जड जाते, कारण मंत्र्याच्या पाठीशी त्याचा स्वतंत्र पक्ष, त्याचे कार्यकर्ते आणि त्याची निवडणूक उभी असते. बंगालमध्ये डिसेंबर १९६९ मध्ये खुद्द मुख्यमंत्री अजय मुखर्जी आपल्याच सरकारच्या कारभाराविरुद्ध कलकत्त्याच्या कर्झन पार्कात उपोषणाला बसले, इतक्या थराला हा ताण जाऊ शकतो. पुलोदमध्ये असा प्रसंग आला नाही.

निरनिराळ्या पक्षांच्या मंत्र्यांना एकमेकांच्या खात्यांवाचून कसे चालत नाही, हे रोजगार हमीच्या कायद्यात उत्तम दिसते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना दुष्काळाच्या काळात वाढली, तिचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केला, आणि तो २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे पुलोदच्या कारकिर्दीत, अमलात आला. ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते १५ दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असा हा हक्क. त्यासाठी शहरातील पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला होता. आता या कामाची वाट पाहा: मजुराचा अर्ज गावात नोंदवला जाई, कामांना मंजुरी जिल्हाधिकारी देई, तहसीलदार मजुरांना कामावर पाठवी, म्हणजे महसूलची यंत्रणा राबे, बंधारे आणि पाझर तलाव पाटबंधारे खाते बांधी, रस्ते बांधकाम खाते करी, समपातळी बांध शेती खाते घाली, झाडे वन खाते लावी, आणि पैसा नियोजन विभागाच्या हाती. एका विधवेला गावाजवळ खडी फोडण्याचे काम वेळेवर मिळायचे तर अर्धा डझन खात्यांनी हात मिळवले पाहिजेत. हा कायदा पुलोदने जन्माला घातला नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. परंतु त्याची अंमलबजावणी सुरू करण्याचे काम या मंत्रिमंडळाने केले, आणि २००५ मध्ये देशभरासाठी जो ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला त्याचे मूळ येथे आहे.

पुलोदची सर्वांत कठोर कसोटी मात्र अगदी आरंभीच लागली. शपथविधीनंतर नवव्या दिवशी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. सभागृहात विरोध नव्हता. विरोध गावागावांत उफाळला. मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे घरे सोडून परागंदा झाली. ठरावाचे कायद्यात रूपांतर करून विद्यापीठाच्या नावात बदल करणे सरकारला शक्य झाले नाही. निर्णय लांबणीवर पडला. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तेव्हाही याच सरकारच्या पोलिसांशी त्यातील आंदोलकांची गाठ पडली.

या अपयशाकडे डोळेझाक करून पुलोदचे गुणगान करणे मला मान्य नाही. ज्या मंत्रिमंडळात समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, ज्याच्या नावातच पुरोगामित्व होते, त्याला आपल्या पहिल्या मोठ्या वचनाचे रक्षण करता आले नाही. कारण शोधावयाचे तर ते या आघाडीच्या जन्मातच आहे. पश्चिम बंगालमधील वाम आघाडीने जून १९७७ मध्ये मतदारांपुढे एकत्र जाऊन, एक कार्यक्रम मांडून, एकत्र निवडणूक जिंकली होती. मार्क्सवादी पक्षाला एकट्यालाच २९४ पैकी १७८ जागा मिळाल्या असतानाही त्याने फॉरवर्ड ब्लॉक आणि क्रांतिकारी समाजवादी पक्ष यांना मंत्रिमंडळात घेतले. जमीन महसूल खाते मात्र त्याने बिनय चौधरींच्या रूपाने स्वतःकडे ठेवले आणि १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा'त वाटेकरी शेतकऱ्यांच्या नोंदी केल्या. त्या आघाडीचे खेड्यांतील कार्यकर्ते मंत्र्याचा निर्णय घेऊन बांधावर उभे राहू शकत होते. पुलोद विधिमंडळाच्या सभागृहात जन्मली, निवडणुकीच्या मैदानात नव्हे. तिच्या घटक पक्षांनी पाच महिन्यांपूर्वी एकमेकांविरुद्ध मते मागितली होती. मराठवाड्यातील गावात तिच्या बाजूने उभी राहणारी अशी एकच संघटना नव्हती. जेथे सवर्ण शेतकऱ्याचे मत आणि दलित मजुराचा हक्क एकमेकांसमोर आले, तेथे मंत्रिमंडळाच्या हातात पोलीस आणि ठराव यांखेरीज काही नव्हते.

तरीही हे सरकार केंद्रातील वादळात टिकून राहिले, हे सांगितले पाहिजे. जुलै १९७९ मध्ये पूर्वाश्रमीच्या जनसंघीयांच्या दुहेरी सदस्यत्वाच्या प्रश्नावर दिल्लीत जनता पक्ष फुटला, मोरारजी देसाईंचे सरकार पडले. मुंबईत मात्र समाजवादी आणि पूर्वाश्रमीचे जनसंघीय एकाच मंत्रिमंडळात बसत राहिले. ही किमया पवारांच्या कौशल्याची तशीच सहकाऱ्यांच्या संयमाचीही होती. शेवट आतून आलाच नाही. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा जिंकून परतल्या, महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या, आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी नऊ राज्यांच्या विधानसभा एकाच वेळी बरखास्त झाल्या. त्यांत महाराष्ट्र होता आणि मध्यप्रदेशही होता. एकाच फर्मानाने मुंबईत पवारांचे आणि भोपाळमध्ये सुंदरलाल पटवांचे मंत्रिमंडळ गेले. सभागृहात बहुमत असलेले सरकार अनुच्छेद ३५६ खाली असे काढून टाकणे मला तेव्हाही अनुचित वाटले आणि आजही वाटते. जनता पक्षाने १९७७ मध्ये हेच केले होते, एवढ्याने ते समर्थनीय होत नाही.

९ जून १९८० रोजी अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. गणपतराव देशमुख सांगोल्याहून एकूण अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले; एन. डी. पाटील एन्रॉनपासून रायगडच्या विशेष आर्थिक क्षेत्रापर्यंत आणि कोल्हापूरच्या टोलपर्यंत प्रत्येक आंदोलनात अग्रभागी राहिले. भाई वैद्यांनी अखेरपर्यंत शिक्षणहक्काच्या चळवळीत पायपीट केली. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुढील सर्व मंत्रिमंडळांच्या टेबलावर पडून राहिला. शरद पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना, या वेळी काँग्रेसच्या सरकारचे, १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्ताराचा मार्ग निघाला: मराठवाड्याचे नाव कायम ठेवून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन करण्यात आले.